गोडो ४ मधली जीडीस्क्रिप्ट: फंक्शनांच्या बाबतीत किती भरवशाची?

गोडो हे गेम इंजिन २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली खुलं आहे. वापरायला पैसे लागत नाहीत आणि गेम विकला तरी कुणाला वाटा द्यावा लागत नाही. त्याच्यासोबत येणारी जीडीस्क्रिप्ट मात्र इंजिनाबाहेर कुठेच चालत नाही, त्यामुळे ती शिकण्यात वेळ घालवावा का, हा प्रश्न रास्त आहे. गेममधली उडी, मार, दार उघडणं, गुण वाढणं हे सगळं कुठल्या ना कुठल्या फंक्शनात, म्हणजे नाव दिलेल्या सूचनांच्या गटात, लिहिलेलं असतं, म्हणून ही भाषा जोखायची तर तिची फंक्शनं आधी तपासावीत. हे परीक्षण गोडो ४ च्या मालिकेचं आहे, ४.५ पर्यंतच्या सोयी धरून. निकाल आधीच सांगून टाकू: टाइप (मूल्य आकडा आहे, मजकूर आहे की आणखी काही, ही नोंद) लिहून वापरली तर छोट्या आणि मध्यम गेमसाठी ही भाषा उत्तम आहे. टाइप न लिहिता वापरली तर ती चुका पोटात घालते आणि त्या गेम खेळणाऱ्याच्या हातात गेल्यावरच बाहेर येतात.

उदाहरणांतले कीवर्ड इथे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

फंक इजा_कर(किती: इंट, कोणी: नोड = नल) -> व्हॉइड:
    जीव -= किती

एवढंच. कंस महिरपी नाहीत, शेवटी अर्धविराम नाही. ओळीच्या शेवटी कोलन आणि पुढची ओळ एक टॅब आत. पायथन लिहिलेल्याला हे लगेच जमतं. एक अडचण मात्र पहिल्याच आठवड्यात येते: एडिटर टॅब वापरतो आणि इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये बहुतेकदा स्पेस असतात. एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळले की एरर येते. एडिट मेनूत इंडेंट टॅबमध्ये बदलण्याची आज्ञा आहे, ती चालवली की काम होतं. रिकामं फंक्शन ठेवायचं असेल तर आत 'पास' लिहावं लागतं. फंक्शन फाइलमध्ये वर आहे की खाली, याने काही फरक पडत नाही. एका फंक्शनाच्या आत दुसरं नाव असलेलं फंक्शन लिहिता येत नाही. तिथे लॅम्डा वापरायचा, त्याबद्दल पुढे.

आता टाइपांकडे येऊ, कारण या भाषेची खरी परीक्षा तिथेच आहे. वरच्या उदाहरणातलं 'इंट' (पूर्णांक), 'नोड' (गेममधला एक घटक) आणि 'व्हॉइड' (काहीच परत न देणारं) काढून टाकलं तरी कोड चालतो. नवशिक्यांच्या बहुतेक धड्यांत तो तसाच असतो. पण टाइप काढले की काय जातं ते बघा. समजा किंमत काढणारं एक फंक्शन आहे, त्यात तीन फांद्या आहेत आणि एका फांदीत 'रिटर्न' लिहायचं राहिलं. टाइप नसेल तर ते फंक्शन त्या फांदीत मुकाट्याने 'नल' (काहीच नाही) परत देतं. ते 'नल' चार फंक्शनं पुढे कुठेतरी बेरजेत शिरतं आणि एरर त्या बेरजेच्या ओळीवर दिसते, जिथे काहीच चुकलेलं नसतं. त्याच फंक्शनापुढे '-> इंट' लिहिलं असतं तर एडिटरने लिहितानाच सांगितलं असतं की सगळ्या वाटांवर मूल्य परत मिळत नाही. तीन अक्षरांच्या बदल्यात मिळणारी ही राखण फार मोलाची आहे.

आर्ग्युमेंटांचंही, म्हणजे फंक्शनाला दिलेल्या मूल्यांचंही, तसंच. 'इंट' मागणाऱ्या फंक्शनाला थेट मजकूर दिला तर एडिटर तिथेच अडवतो. तोच मजकूर डिक्शनरीतून (नाव आणि मूल्याच्या जोड्यांच्या साठ्यातून) काढून दिला तर एडिटरला आत काय आहे ते कळत नाही, म्हणून एरर गेम चालू असताना येते. पण निदान ती फंक्शनाच्या दारातच येते, आत दहा ओळींनंतर नाही. 'इंट'च्या जागी 'फ्लोट' (अपूर्णांकी संख्या) दिला तर अपूर्णांक कापला जातो आणि वॉर्निंग मिळते. ही वॉर्निंग दुर्लक्षू नका. २.९ चं २ होणं गुणांच्या हिशेबात लगेच दिसत नाही.

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये वरचं अॅडव्हान्स्ड सेटिंग्जचं बटण चालू करून डिबगखालच्या जीडीस्क्रिप्ट विभागात जा. तिथे प्रत्येक वॉर्निंगपुढे तीन पर्याय असतात: दुर्लक्ष, इशारा, एरर. टाइप न लिहिलेल्या घोषणेची वॉर्निंग मुळात बंद असते. नवीन प्रोजेक्टात ती पहिल्याच दिवशी एररवर ठेवावी. जुन्या प्रोजेक्टात एकदम असं केलं तर शेकडो लाल ओळी दिसतील, तिथे आधी इशाऱ्यावर ठेवून एकेक फाइल साफ करावी. एडिटर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट एडिटरच्या कम्प्लीशन विभागात टाइप आपोआप जोडण्याची खूण आहे, ती चालू असली की इंजिनाची फंक्शनं पूर्ण करताना टाइपही भरून येतात. टाइप माहीत असले की इंजिन त्यांच्यासाठी जास्त वेगवान सूचना वापरतं, हा वरचा फायदा.

इथेच भाषेची एक मोठी उणीव आहे. 'इंट किंवा काहीच नाही' असं सांगण्याची सोय नाही. इंट कधी 'नल' असू शकत नाही. त्यामुळे 'सापडलं नाही' हे सांगायला -१ परत द्या किंवा व्हेरिअंट (कुठल्याही टाइपचं मूल्य) परत देऊन टाइपवर पाणी सोडा. दोन मूल्यं एकदम परत द्यायची असली तरी हीच रड: अॅरे (यादी) किंवा डिक्शनरी द्यावी लागते आणि आतले टाइप हरवतात. लुआमध्ये एका 'रिटर्न'मधून तीन मूल्यं सहज निघतात, तिथून आलेल्याला हे खुपतं. दोन-तीन ओळींचा छोटा क्लास (वस्तूचा साचा) करून त्याची वस्तू परत देणं हा त्यातल्या त्यात नीट मार्ग.

आणखी एक गोष्ट पक्की माहीत हवी. इंट, फ्लोट, स्ट्रिंग, व्हेक्टर२ यांची फंक्शनात प्रत जाते. अॅरे, डिक्शनरी आणि नोड यांचा संदर्भ जातो. फंक्शनाने मिळालेल्या अॅरेतून एक वस्तू काढली तर बोलावणाऱ्याचीही ती गेली. तसं नको असेल तर आधी 'डुप्लिकेट' करा, आणि अॅरेच्या आत अॅरे असतील तर 'डुप्लिकेट'ला 'ट्रू' द्या, नाहीतर आतले अॅरे सामायिकच राहतात.

पॅरामीटरला डीफॉल्ट मूल्य देता येतं, पण असे पॅरामीटर शेवटी हवेत. 'गोळी_झाड(दिशा, वेग = ४००.०, नुकसान = १०)' असं फंक्शन असेल आणि फक्त नुकसान बदलायचं असेल, तर वेगही लिहावाच लागतो, कारण नावाने आर्ग्युमेंट देण्याची सोय नाही. एकाच नावाची, वेगळ्या पॅरामीटरांची दोन फंक्शनंही चालत नाहीत. चारपेक्षा जास्त डीफॉल्ट जमा झाले की समजावं, आता हे सगळं एका रिसोर्समध्ये (माहिती साठवणाऱ्या वेगळ्या वस्तूत) घालायची वेळ आली. मग तेच आकडे इन्स्पेक्टरमधूनही बदलता येतात. ४.५ मध्ये हवी तितकी आर्ग्युमेंट घेण्याची सोय आली. शेवटच्या पॅरामीटरपुढे तीन टिंबं लिहायची, तो अॅरे म्हणून मिळतो. नोंदी लिहिणाऱ्या फंक्शनाला ती उपयोगी आहे. उलट दिशेने, हातातला अॅरे सुटा करून आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा असेल तर 'कॉलव्ही' वापरावं.

इंजिन स्वतः बोलावतं ती फंक्शनं अंडरस्कोरने सुरू होतात: रेडी, प्रोसेस, फिजिक्स प्रोसेस, इनपुट वगैरे. यात स्पेलिंगची चूक सगळ्यात महाग पडते. प्रोसेसमधला एक 'एस' गळला तर एरर येत नाही. ते तुमचं एक वेगळं, कुणीच न बोलावलेलं फंक्शन होतं. अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ फंक्शनावर लिहिलेल्या ओळीच्या डाव्या पट्टीत छोटी खूण दिसते. ती दिसली नाही तर नाव तपासा. फिजिक्स प्रोसेस सेकंदाला मुळात ६० वेळा चालतं, प्रोसेस चित्र जितक्या वेळा काढलं जाईल तितक्या वेळा. पात्र हलवणारं 'मूव्ह अँड स्लाइड' काळाचा हिशेब स्वतःच करतं, म्हणून त्याला दिलेल्या वेगाला डेल्टाने (मागच्या फेरीपासून गेलेल्या वेळाने) गुणू नये. गुरुत्वाकर्षणामुळे वाढणाऱ्या वेगाला मात्र गुणावं. हे उलटं झालं की पात्र गोगलगायीसारखं सरकतं किंवा दगडासारखं कोसळतं, आणि दोष फंक्शनाचा वाटतो.

वारशाने आलेल्या फंक्शनाची एक तिढ्याची जागा आहे. 'शत्रू' या आपल्या क्लासमध्ये रेडी आहे आणि त्यावरून केलेल्या 'चेटकीण' मध्येही आहे, तर गोडो ४ फक्त चेटकिणीचं चालवतं. शत्रूचंही हवं असेल तर 'सुपर()' लिहावं लागतं. ३ मध्ये दोन्ही आपोआप चालत, म्हणून जुना प्रोजेक्ट हलवल्यावर शत्रूचा जीव शून्यच राहिला, आवाज लागलाच नाही असे प्रकार होतात. उलट, वर फक्त इंजिनाचा नोड असेल तर 'सुपर()' लिहिल्यावर एरर येते, कारण तिथे बोलावण्यासारखं फंक्शनच नसतं. पॅरामीटरांची संख्या आणि टाइप वरच्या क्लासशी जुळायला हवेत. इंजिनाच्या साध्या फंक्शनाचं, उदाहरणार्थ 'क्यू फ्री'चं, नाव आपल्या फंक्शनाला दिलं तर एडिटर एरर देऊन अडवतो. ते योग्यच आहे, इंजिन तुमचं फंक्शन बोलावणारच नाही. ४.५ पासून 'अॅब्स्ट्रॅक्ट' अशी खूण करून फंक्शन रिकामं ठेवता येतं आणि खालच्या क्लासने ते लिहिलं नाही तर एरर मिळते. मोठ्या गेममध्ये शत्रूंची कुळं सांभाळणाऱ्याला ही सोय फार दिवस हवी होती.

सिग्नल (काही घडल्याची वर्दी) आणि कॉलेबल (मूल्यासारखं हाताळता येणारं फंक्शन) हा गोडो ४ चा सर्वांत चांगला भाग. फंक्शनाचं नाव कंसाशिवाय लिहिलं की ते मूल्यासारखं हातात येतं: 'बटण.प्रेस्ड.कनेक्ट(_दुकान_उघड)'. ३ मध्ये इथे अवतरणचिन्हांत नाव लिहावं लागे आणि चुकीचं नाव गेम चालेपर्यंत कळत नसे. आता एडिटर लिहितानाच सांगतो. नवशिके इथे सवयीने कंस लावतात. कंस लावला की दुकान जोडण्याच्या क्षणीच उघडतं आणि 'कनेक्ट'ला फंक्शनाऐवजी त्याचं उत्तर मिळतं. फंक्शनाला '-> व्हॉइड' लिहिलेलं असेल तर ही चूक जागेवर पकडली जाते. टाइप लिहिण्याचं आणखी एक कारण.

जोडताना सोबत माहिती द्यायची असेल तर 'बाइंड'. त्याचा क्रम मात्र नीट समजून घ्या. सिग्नलने पाठवलेली आर्ग्युमेंट आधी येतात, बाइंड केलेली नंतर. मार लागल्याचा सिग्नल 'किती' पाठवतो आणि तुम्ही 'बाइंड("डावा_हात")' केलं, तर फंक्शन '(किती, अवयव)' असं हवं. उलट लिहिलं आणि टाइप नसतील तर आकडा अवयवाच्या जागी बसतो आणि काहीतरी भलतंच चालू राहतं. सिग्नलचं शेवटचं आर्ग्युमेंट नको असेल तर 'अनबाइंड(१)'. आर्ग्युमेंटांची संख्या जुळत नसेल तर जोडताना काही कळत नाही, सिग्नल सुटल्यावर एरर येते. म्हणून प्रत्येक जोडणी एकदा तरी प्रत्यक्ष चालवून बघावी. हा दोष भाषेच्या मुळाशी आहे: 'एक इंट घेऊन बूल देणारं फंक्शन' असा टाइप कॉलेबलला लिहिताच येत नाही. रोब्लॉक्सच्या लुआउमध्ये तो लिहिता येतो.

एडिटरच्या नोड पॅनेलमधून माउसने जोडलेले सिग्नल आणि अॅनिमेशन प्लेअरच्या मेथड ट्रॅकमधली फंक्शनं सीनच्या फाइलमध्ये नावाने साठवलेली असतात. स्क्रिप्टमध्ये फंक्शनाचं नाव बदललं की ती नावं जुनीच राहतात. सिग्नल जोडलेल्या फंक्शनाच्या डाव्या पट्टीत हिरवी खूण असते. नाव बदलताना ती दिसली तर सीनमधली जोडणीही बदला. मोठ्या प्रोजेक्टात कोडमधून, रेडीमध्ये जोडणी करणं जास्त सुरक्षित, कारण शोधल्यावर ती सापडते.

लॅम्डा म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन. अॅरेच्या 'मॅप', 'फिल्टर', 'एनी', 'सॉर्ट कस्टम' यांच्यासोबत ते फार सुटसुटीत लागतं. व्हेरिएबलमध्ये ठेवलेला लॅम्डा नुसत्या कंसाने चालत नाही, '.कॉल()' लिहावं लागतं. 'सॉर्ट कस्टम'ला दिलेल्या फंक्शनाने पहिली वस्तू दुसरीच्या आधी यायला हवी असेल तरच 'ट्रू' द्यावं. तिथे '<' ऐवजी '<=' लिहिलं की समान गुणांचे दोन खेळाडू आल्यावर तुलनेचं फंक्शन चुकीचं असल्याची एरर येते आणि क्रम बिघडतो. समान मूल्यांचा मूळ क्रम टिकेल याचीही हमी नाही. हवा असेल तर तुलनेत दुसरा निकष घाला. 'मॅप' नेहमी साधा अॅरे परत देतं, तो थेट इंटच्या अॅरेत ठेवता येत नाही. आधी टाइप असलेला रिकामा अॅरे करून त्यावर 'असाइन' वापरावं.

लॅम्डाची खरी खोच त्याने बाहेरचे व्हेरिएबल कसे धरले यात आहे. फंक्शनातल्या स्थानिक व्हेरिएबलचं मूल्य लॅम्डा तयार होतानाच त्याच्यात उतरतं. हे पाहा:

व्हार मोजणी := ०
नाणं.मिळालं.कनेक्ट(फंक(): मोजणी += १)

नाणी कितीही गोळा करा, बाहेरची 'मोजणी' शून्यच राहते. लॅम्डाने आपल्याजवळच्या प्रतीत एक मिळवला, एवढंच. अशा नेमणुकीवर नव्या आवृत्त्या वॉर्निंग देतात. मोजणी क्लासच्या पातळीवर व्हेरिएबल म्हणून ठेवली की अडचण मिटते, कारण ती 'सेल्फ'मार्फत गाठली जाते. अॅरे आणि डिक्शनरीच्या आत केलेले बदल मात्र बाहेर दिसतात. याच नियमाचा एक चांगला परिणाम: लूपमध्ये पाच बटणांना पाच लॅम्डा जोडले तर प्रत्येकाला आपापला क्रमांक मिळतो, सगळ्यांना शेवटचा मिळत नाही. आणखी एक: एकच नाव असलेलं फंक्शन एका सिग्नलला दोनदा जोडलं की एरर येते, पण लॅम्डा दर वेळी नवा बनतो, म्हणून तो दहादा जोडला जातो आणि दहादा चालतो. दुकान दर वेळी उघडताना जोडणी होत असेल तर तिथे लॅम्डा नको.

'अवेट' हे या भाषेतलं सर्वांत मोहक साधन आहे आणि सर्वांत जास्त बग तिथेच जन्मतात. 'अवेट गेट_ट्री().क्रिएट_टाइमर(०.५).टाइमआउट' लिहिलं की फंक्शन अर्धा सेकंद तिथे थांबतं, बाकी गेम चालू राहतो. कटसीन, संवाद, एकामागून एक होणारे हल्ले यांच्यासाठी याहून सोपं लेखन क्वचितच कुठल्या इंजिनात असेल. पण फंक्शनात 'अवेट' आलं की त्याचं वागणं बदलतं. त्याचं उत्तर हवं असेल तर बोलावणाऱ्यालाही 'अवेट' लिहावं लागतं, नाहीतर एरर. उत्तर नको असेल आणि 'अवेट' लिहिलं नाही, तर फंक्शन पहिल्या थांब्यापर्यंत चालतं आणि बोलावणारा पुढे निघून जातो. कधी तेच हवं असतं, कधी नाही, ठरवून लिहा.

थांबलेल्या वेळात जग बदलतं. हल्ला करताना 'लक्ष्य' स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलं, अर्धा सेकंद थांबलो, तेवढ्यात दुसऱ्याने त्या शत्रूला मारलं आणि नोड नाहीसा झाला. पुढच्या ओळीवर 'लक्ष्य.इजा_कर' म्हटलं की एरर. प्रत्येक 'अवेट'नंतर, जपून ठेवलेल्या नोडला हात लावण्याआधी 'इज_इन्स्टन्स_व्हॅलिड' विचारायची सवय लावा. दुसरा बग असा की खेळाडूने बटण पटापट दोनदा दाबलं की तेच फंक्शन दोनदा सुरू होतं, दोन्ही थांबतात आणि दोन्ही पुढे चालतात. सुरुवातीलाच 'व्यस्त' असा बूल तपासून, खरा असेल तर परत जा. फिजिक्स प्रोसेसमध्ये 'अवेट' टाकलं तर सेकंदाला ६० नवे थांबे तयार होतात. ते कधीच करू नये. ज्या सिग्नलची वाट बघतो तो कधी सुटलाच नाही तर फंक्शन कायमचं थांबतं आणि कुठलीही सूचना येत नाही.

क्रिएट टाइमरचं दुसरं आर्ग्युमेंट मुळात 'ट्रू' असतं, म्हणजे गेम पॉज केला तरी तो टाइमर चालूच राहतो. पॉजच्या पडद्यामागे बॉम्ब फुटतो तो यामुळे. गेमप्लेमधल्या टाइमरना तिथे 'फॉल्स' द्या.

टक्कर झाल्याच्या सिग्नलमध्ये टकरीचा आकार बंद करायला गेलात तर इंजिन सांगतं की या अवस्थेत हे बदलता येत नाही, 'कॉल डिफर्ड' किंवा 'सेट डिफर्ड' वापरा. तो सल्ला जसाच्या तसा पाळावा. आपल्या फंक्शनापुढे '.कॉल_डिफर्ड()' लिहिलं की ते चालू काम संपल्यावर चालतं.

व्हेरिएबलला जोडलेली सेट (मूल्य बदलताना चालणारी) आणि गेट (मूल्य वाचताना चालणारी) फंक्शनं ४ मध्ये क्लासच्या आतूनही चालतात. ३ मध्ये आतून ती टाळली जात. जीव ० ते १०० मध्ये ठेवायला सेटमध्ये 'क्लॅम्पआय' लिहिलं की प्रत्येक ठिकाणी वेगळी तपासणी नको. सेटच्या आत त्याच व्हेरिएबलला मूल्य दिलं तर सेट पुन्हा चालत नाही. पण सेटमधून दुसरं फंक्शन बोलावलं आणि त्या फंक्शनाने तेच व्हेरिएबल बदललं, तर चक्र सुरू होतं आणि स्टॅक भरल्याची एरर येते. घोषणेच्या ओळीवर दिलेलं पहिलं मूल्य सेटमधून जात नाही, त्यामुळे जीवपट्टी पहिल्यांदा रेडीमध्ये स्वतः रंगवावी लागते.

चुका हाताळण्याच्या बाबतीत गुण कापावेच लागतील. ट्राय-कॅच, म्हणजे एरर पकडून सावरण्याची सोय, नाही. फाइल उघडली नाही तर 'फाइल अॅक्सेस' 'नल' देतं आणि कारण वेगळ्या फंक्शनाला विचारावं लागतं. आपल्या फंक्शनांनी इंजिनाचा एरर क्रमांक परत द्यावा, ओके म्हणजे शून्य, हीच रूढ पद्धत. 'असर्ट' (अट खरी आहे का ते तपासणारी ओळ) फक्त डिबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, चालतं. 'असर्ट(जतन_कर() == ओके)' असं कुणी लिहिलं तर एडिटरमध्ये गेम जतन होतो आणि रिलीज केलेल्या गेममध्ये ती ओळच नसते, म्हणजे जतन होतच नाही. आधी जतन करून उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्या, मग तपासा.

वेगाबद्दल थोडक्यात. प्रत्येक फ्रेममध्ये हजारो वेळा चालणारं छोटं फंक्शन जड पडू शकतं. पण अंदाजाने कोड विस्कटू नका. डिबगर पॅनेलमध्ये प्रोफाइलर सुरू करा, प्रत्येक फंक्शन किती वेळा चाललं आणि किती वेळ खाल्ला ते दिसतं. बहुतेक वेळा दोषी सापडतं ते प्रोसेसमध्ये पुन्हा पुन्हा नोड शोधणं. तो नोड 'ऑनरेडी' व्हेरिएबलमध्ये एकदाच घेऊन ठेवावा.

मराठी वाचकांना उपयोगी अशी एक गोष्ट: गोडो ४ मध्ये फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावं देवनागरीत देता येतात. शाळेतल्या मुलांना शिकवताना 'फंक'पुढे 'उडी_मार' लिहिता येणं मोठी मदत आहे. काही पथ्यं पाळा. संख्या मात्र इंग्रजी अंकांतच (0 ते 9) लिहाव्या लागतात, देवनागरी अंक संख्या म्हणून चालत नाहीत. 'दुसऱ्या' सारख्या शब्दात काही कीबोर्ड एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात, ते नावात चालत नाही. 'ऱ' या अक्षराने लिहिलेला शब्द चालतो. 'गती' आणि 'गति' ही भाषेसाठी दोन वेगळी नावं आहेत, म्हणून शुद्धलेखन सगळ्या फाइलींत एकच ठेवा. एकाच नावात रोमन आणि देवनागरी मिसळलं तर गोंधळाच्या नावाची वॉर्निंग येऊ शकते. जगभरच्या लोकांसोबत खुल्या प्रोजेक्टात काम करायचं असेल तर अर्थातच इंग्रजी नावंच द्यावीत.

कुणी घ्यावी? एकट्याने किंवा तिघाचौघांनी टूडी गेम, मोबाइल गेम, कथेचा गेम करायचा असेल तर दुसरं काही शोधू नका. डेटावर खूप गणित असेल, ओव्हरलोडिंग (एकाच नावाची, वेगळ्या पॅरामीटरांची फंक्शनं) आणि ट्राय-कॅच रोज लागत असतील, तर गोडोतलंच सी शार्प बघावं. त्यासाठी इंजिनाची डॉटनेटची वेगळी आवृत्ती उतरवावी लागते, आणि गोडो ४ मध्ये सी शार्पचा गेम ब्राउझरसाठी एक्सपोर्ट होत नाही. वेबवर गेम ठेवायचा असेल तर हा मुद्दा सगळं ठरवतो. एकाच प्रोजेक्टात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे जड हिशेब सी शार्पमध्ये आणि बाकी सगळं जीडीस्क्रिप्टमध्ये ठेवणंही शक्य आहे.

३ वरून येणाऱ्यांनी चार ठिकाणं आधी शोधावीत: 'यील्ड'च्या जागी 'अवेट', टिंबाने बोलावलेल्या वरच्या क्लासच्या फंक्शनांच्या जागी 'सुपर', अवतरणचिन्हांतल्या 'कनेक्ट'च्या जागी कॉलेबल, आणि 'सेटगेट'च्या जागी नवं सेट-गेट. आपोआप बदल करणारं साधन इंजिनात आहे, पण 'अवेट' आणि 'सुपर'च्या जागा हातानेच तपासा. तिथे चूक राहिली तरी कोड विनातक्रार चालू शकतो.